बेकरीच्या व्हॅनवरचा बोजा

वाहन नोंदणीच्या ऑफिसात खिडकीमागच्या कारकुनाने कॉम्प्युटरचा पडदा वळवून चावीमामांच्या समोर धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, ओळ वाचली आणि चष्मा पुन्हा कपाळावर सारला.

"म्हणजे काय?" शेजारी उभ्या असलेल्या भाचीने विचारलं.

"बोजा आहे गाडीवर," कारकून म्हणाला. "मालकाने कर थकवलाय. कर खात्याने गाडी अडकवून ठेवलीय. तो उतरल्याशिवाय नाव बदलत नाही."

"पण गाडीचा सगळा टॅक्स आम्ही भरलाय!"

"गाडीचा नाही हो, माणसाचा. त्याच्या धंद्याचा. त्याने पैसे भरले नाहीत की त्याच्या नावावर जे जे असेल त्यावर बोजा चढतो. ही व्हॅन त्याच्या नावावर आहे, म्हणून हिच्यावर पण चढला."

"व्हॅन माझी आहे."

"इथे तसं दिसत नाही," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, तो फक्त पडद्यावर होतं ते सांगत होता. "कर खात्यात जा. तिथून पत्र आणा. पुढचे या."

पुढचे आलेसुद्धा. भाची बाजूला झाली, पण तिचं बोट अजून खिडकीच्या लाकडी कडेवरच होतं. तिने मामांकडे पाहिलं. मामा किल्ल्या मोजत असल्यासारखं करत होते.

आता चावीमामा म्हणजे कोण, तर उड्डाणपुलाखालच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातले एक जुने दलाल. कमरेच्या पट्ट्याला लोखंडी कडी आणि कडीत विक्रीला आलेल्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या. मामा चालायला लागले की आधी आवाज यायचा, मग मामा. एखाद्या गाडीचं बॉनेट उघडून ते कान लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हिला कोणीतरी दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारी केलीय." गिऱ्हाईक हसायचं आणि तिथेच अर्धा सौदा व्हायचा. गाडीतला दोष त्यांनी कधी लपवला नाही. क्लच गेलाय तर गेलाय म्हणायचे. त्यामुळे बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि मामांना त्याचा जरा जास्तच अभिमान होता.

मामी गेल्यापासून ते रात्रीचं जेवण मोठ्या बहिणीकडे घेत. ही भाची त्याच बहिणीची. इतकी वर्षं ती दुसऱ्याची ॲम्ब्युलन्स पगारावर चालवत होती. चालवता चालवता तिच्या लक्षात आलं, की डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या माणसांना ॲम्ब्युलन्स लागत नाही. त्यांना खुर्चीसकट चढता येईल अशी एक साधी गाडी आणि वेळेवर येणारं माणूस लागतं. हॉस्पिटलशी तिने बोलणं केलं. ते तयार झाले. अट एकच होती. एक तारखेपासून काम सुरू करायचं आणि त्याआधी गाडीची नोंद तिच्या नावावर असल्याचा कागद आणून द्यायचा. पुन्हा कोणाच्या पगारावर राहायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

व्हॅन मामांनीच दिली होती, स्वतः घेतली त्याच किमतीला. भाचीने कर्ज काढून पैसे चुकते केले, मग मागच्या बाजूला रॅम्प बसवून घेतला. वेल्डरने पहिल्यांदा बनवला तो फार उभा होता. तिने स्वतः खुर्चीत बसून पाहिलं, खुर्ची मागे ओढली गेली आणि ती वेल्डरच्या अंगावर आली. मग तिने रॅम्प लांब करून घेतला, दोन घड्यांचा, म्हणजे उतार कमी होतो आणि एका माणसाला खुर्ची वर लोटता येते. जमिनीला पट्टे अडकवायच्या कड्या लावल्या. उन्हात गाडी तापली की आत अजून व्हॅनिलाचा वास यायचा. व्हॅन मुळात एका बेकरीची होती. बेकरी बंद पडून काळ लोटला, पण वास काही गेला नाही.

आणि आता कळलं, की नावही गेलं नव्हतं.

कर खात्याच्या अधिकारीबाईंना सर्दी झाली होती. टेबलावर गरम पाण्याचा थर्मास आणि रुमालांची चळत. त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे गाडी बेकरीवाल्याने विकली एका दलालाला, त्याने तुम्हाला, तुम्ही भाचीला. बरोबर?"

"अगदी."

"आणि यातल्या कोणीच नाव बदललं नाही."

"बाई, बाजारात तसंच चालतं," मामा समजावणीच्या सुरात म्हणाले. "दर वेळी नाव बदललं की गाडीच्या पुस्तकात एक मालक वाढतो. गाडी पहिल्या हाताची राहिली तर किंमत येते, चौथ्या हाताची झाली की कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही विकणाऱ्याची फॉर्मवर सही घेऊन ठेवतो. गाडी फिरत राहते, फॉर्म तिच्याबरोबर फिरतो. शेवटचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव घालायचं."

"फॉर्म आहे?"

मामांनी प्लॅस्टिकच्या फाइलमधून फॉर्म काढून पुढे ठेवला. एक घडी नाही, एक डाग नाही. बाईंनी तो उलटसुलट पाहिला.

"सही आहे. तारीख कुठे आहे?"

"तारीख शेवटी घालतात."

"बोजा चढायच्या आधी त्याने गाडी विकली असेल, तर ती त्याची राहिली नव्हती, मग आमचा तिच्यावर हक्क नाही. नंतर विकली असेल तर आहे. म्हणजे सगळा खेळ तारखेचा," बाई म्हणाल्या, शिंकल्या आणि रुमाल शोधत पुढे म्हणाल्या, "आणि नेमकी तारीखच तुम्ही लिहिलेली नाही."

"मी सांगतो ना! बोजा चढायच्या कितीतरी आधी घेतलीय मी. तेव्हा बेकरी चालू होती."

"तुम्ही सांगाल हो. पण गाडी तुमच्याच भाचीला सोडवायचीय. मालकाला घेऊन या. त्याने माझ्यासमोर सांगू दे. त्यालाही आम्ही शोधतोच आहोत." त्यांनी फॉर्म शिपायाकडे दिला. "याची झेरॉक्स काढून आमच्या फाइलला लाव."

झेरॉक्सचं यंत्र कोपऱ्यात घरघरलं. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते वाटलं बाजारात, पैलवानसमोर.

पैलवान हा बाजारातला दुसरा दलाल. अंगाने इतका काटकुळा, की वारा सुटला की लोक त्याला खांबाला धरून उभं राहायला सांगायचे. म्हणून पैलवान. बेकरीवाल्याकडून व्हॅन त्यानेच घेतली होती आणि आठवड्याभरात मामांना दिली होती.

"एवढंच ना?" पैलवान म्हणाला. "घाल की तारीख. जुनी घाल. कुठल्या पेनाने घालू एवढंच विचार, माझ्याकडे पाच रंग आहेत."

"खरी तारीखच घालायचीय, खोटी नाही," भाची घाईने म्हणाली. "मामा, तुला आठवतेय ना? मग लिही. जे खरं आहे तेच तर लिहायचंय."

मामांनी फॉर्म टेबलावर ठेवला. पेन उघडलं. तारीख खरी होती. फक्त ती त्या दिवशी लिहिलेली नव्हती. हा फरक किती मोठा, याचा विचार आजवर त्यांनी केला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. आणि मग त्यांना ते यंत्र आठवलं.

"तिने झेरॉक्स काढलीय."

"कशाची?"

"याची. कोऱ्या फॉर्मची."

पैलवानने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तू तिला कोरा फॉर्म दाखवलास? कर खात्यात जाऊन? चावीमामा, तू धंद्यात आलास कधी आणि आलास कशाला?"

"तिने मागितला."

"उद्या ती किडनी मागेल!" पैलवान जरा वेळ नुसता चरफडत राहिला. मग त्याने आवाज उतरवला. "बेकरीवाला मला माहितेय कुठे राहतो. मध्ये काम मागायला आला होता. पत्ता देतो. पण तिथे काय किंवा त्या ऑफिसात काय, माझं नाव घ्यायचं नाही. एकदा का माझं नाव एका गाडीच्या साखळीत आलं, की बाकीच्या सगळ्या गाड्या मोजायला लागतील."

"घेत नाही."

"आणि एक. आपल्यात मागच्या हाताकडे कोणी परत जात नाही. गाडी पुढे जाते, माणूस मागे राहतो. तू मागे निघालायस. लोकांना आवडणार नाही."

मामांनी मान हलवली. तो बाजारचा खराच रिवाज होता. आजपर्यंत त्यांनाही तो शहाणपणाचा वाटत आला होता.

बेकरीवाला सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहत होता. बेलच्या बटणाची वायर कापलेली होती. भाचीने दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला, "कोण?"

"व्हॅनबद्दल आलोय," मामा म्हणाले. "बेकरीच्या व्हॅनबद्दल. सरकारी माणसं नाही आम्ही."

दार बेताचं उघडलं. "पटकन आत या. हवा येऊ देऊ नका."

आत पंखा बंद, खिडक्या बंद आणि खोलीभर फुलं. साखरेची. टेबलावर, कपाटावर, पलंगाच्या अर्ध्या भागावर ट्रे मांडलेले आणि प्रत्येक ट्रेमध्ये वाळत ठेवलेली गुलाबी, पिवळी, पांढरी फुलं. उंच, खांदे वाकलेला माणूस. बोटांच्या टोकांना रंग. तो आता दुसऱ्यांच्या केकवर लागणारी फुलं घरी बसून करून देत होता.

"हवा लागली की पाकळी कलंडते," तो म्हणाला. बसायला जागा एकच होती, ती त्याने भाचीला दिली. मग खिडकीच्या फटीतून खाली पाहिलं. "तीच. मागचं डावं दार अजून घासतं?"

"घासतं," भाची म्हणाली.

"बिजागरी बदलायची राहिली ती राहिलीच." तो जरा हसला. "बेकरी बुडायला लागली तेव्हा पहिली व्हॅनच विकली. कामगारांचे पगार द्यायचे होते. म्हटलं, एक तरी गोष्ट चोख सुटली. आणि मग दंडाच्या पावत्या यायला लागल्या. मी उभ्या जन्मात ज्या पुलावर गेलो नाही, त्या पुलावर मी सिग्नल तोडला म्हणे. मी इथे भट्टीपुढे उभा आणि माझं नाव तिकडे जाऊन आलं."

मामांना तो सिग्नल माहीत होता. मधली काही वर्षं त्यांनी व्हॅन एका गादीवाल्याला भाड्याने दिली होती. गादीवाल्याचा ड्रायव्हर तसा होताच. पावत्या आपल्याकडे येत नाहीत, यात मामांना तेव्हा नशीबच वाटलं होतं. कोणाकडे तरी जात असतील, हे मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं आणि गेलं होतं.

मामांना म्हणायचं होतं, की चला आमच्याबरोबर त्या ऑफिसात, जिथे तुम्हाला शोधतायत. सौदे करण्यात आयुष्य गेलं होतं, समोरच्याला काय द्यायचं आणि काय घ्यायचं हे त्यांना झोपेत सांगता आलं असतं. इथे द्यायला काहीच नव्हतं.

भाची मात्र थांबली नाही. "काका, मला स्पष्टच सांगते. एक तारखेपासून माझं काम आहे. व्हॅन माझ्या नावावर नसेल तर ते जाईल. तुम्ही फक्त येऊन एवढं सांगायचंय, की कधी विकलीत."

बेकरीवाल्याने एका ट्रेमधलं फूल उचललं, दिव्याकडे धरलं, परत ठेवलं.

"तिसऱ्या मजल्यावर आहे ना ते ऑफिस? मी दोनदा गेलो होतो. खालच्या जिन्यापर्यंत." त्याने ट्रे सरळ केला. "नाही होणार माझ्याच्याने, बाई. तुझं नुकसान होतंय ते कळतंय मला. पण नाही होणार."

रात्री बहिणीने पानावर बसवून विचारलं, "झालं का रे नाव?" मामा म्हणाले, "होतंय." बहीण म्हणाली, "लहानपणापासून तुझं सगळं होतंयच."

दोन दिवसांनी मामा पुन्हा अधिकारीबाईंसमोर बसले. स्वतःचा जबाब लिहून दिला, की व्हॅन मी अमुक तारखेला घेतली, इतका काळ माझ्या ताब्यात होती, नाव बदललं नाही ही चूक माझी. बाईंनी तो वाचला.

"हे तुम्ही आपणहून दिलंत, बरं झालं. पण हे तुमचंच म्हणणं. मालक सापडला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं!

"सापडला. पण त्यांना यायचं नाही."

"पत्ता?"

"तो मी देणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळतंय ना, की तुम्ही ज्या पायावर उभे आहात तोच कापताय?" मग त्या भाचीकडे वळल्या. "व्हॅन तुमची. काम तुमचं जाणार. तुम्ही पण गेला होतात ना? तुम्ही सांगा."

भाचीचा चेहरा लाल झाला. तिने मामांकडे पाहिलं नाही. समोरच्या थर्मासकडे पाहत राहिली, इतका वेळ की शिपायानेही फायली लावायच्या थांबवल्या.

"मला विचारू नका," ती म्हणाली.

बाईंनी निःश्वास सोडला. "लोकांना वाटतं, आम्ही उचलून नेतो. अहो, तो माणूस आला, बसला, तर आम्ही हप्ते बांधून देतो. आला त्या दिवसापासून नवा दंड थांबतो. त्याच्या कामाच्या वस्तूंना आम्ही हात लावत नाही, तसा नियमच आहे. लपून बसल्याने फक्त व्याज वाढतं. पण हे सांगायला तो समोर तर यायला हवा." त्यांनी फाइल मिटली. "तोपर्यंत बोजा राहील. माझा नाइलाज आहे."

जिन्यात भाची फुटली.

"मला गाडी चालवायचीय, मामा! संत नाही व्हायचंय."

"मग सांगायचंस की पत्ता."

"तू सांगायचास! घोळ तुझा आहे. तुझ्या त्या बाजाराचा, तुझ्या पहिल्या हाताचा. मी कशाला कोणाला धरून देऊ?" तिने डोळे पुसले आणि तेवढ्याच रागाने म्हणाली, "त्या खोलीत चार माणसं घुसली तर एक फूल तरी धड राहील का?"

ती व्हॅन घेऊन निघून गेली. मामांना तिने बस म्हटलं नाही.

मामा बसने गेले. किल्ल्यांची कडी मांडीवर धरून खिडकीशी बसले. आपण कोणाला फसवलं नाही, या एका वाक्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. क्लच गेलेला सांगितला, टायर झिजलेले सांगितले. गाडीबद्दल कधी खोटं बोललो नाही. पण गाडी विकणाऱ्या माणसाला तरी कधी सांगितलं, की तुमचं नाव आम्ही अजून काही वर्षं वापरणार आहोत? गाडीचं इंजिन ऐकायला ते कान लावायचे. मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं, हे ऐकायला कोणी कान लावला नव्हता. शेवटी त्यांनी उतरायची जागा चुकवली आणि एक थांबा मागे चालत आले.

या वेळी बेकरीवाल्याचं दार उघडलं नाही.

"मी तारीख मागायला आलो नाही," मामा दाराला म्हणाले. "ऐकून घ्या आणि हवं तर विसरून जा." मग अधिकारीबाई जे बोलल्या ते सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. हप्ते, थांबणारा दंड, कामाच्या वस्तू. "तुमची ती क्रीमची नळी, ट्रे, यातलं कोणी काही नेणार नाही."

आत ट्रे ठेवल्याचा आवाज झाला.

"आणि तो सिग्नल. तो माझ्या गाडीने तोडला होता. म्हणजे तुमच्या. म्हणजे तेव्हा माझ्याच. मी नाव बदललं असतं तर पावती मला आली असती. तेही सांगायचं होतं."

"भाची कुठेय तुमची?" आतून प्रश्न आला.

"ती माझ्याशी बोलत नाही."

"का?"

"त्या बाईंनी तुमचा पत्ता विचारला. मी दिला नाही, म्हणून चिडलीय."

"मग तिने दिला?"

"तिने पण नाही दिला."

मामा जिन्याच्या पायरीवर बसले. खाली सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. थोड्या वेळाने मामांनी आपलं कार्ड काढलं, मागे भाचीचा नंबर लिहिला, दाराखालून सरकवलं आणि उठले. बाजारात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. एक गिऱ्हाईक स्कूटर बघायला थांबलं होतं. मामांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं.

फोन भाचीला आला, महिना संपायला आला तेव्हा.

"तुझ्या मामाला पण घे," बेकरीवाला म्हणाला. "दोनदा मी खालूनच परत फिरलोय. या वेळी वर ढकलायला दोघं तरी लागतील."

पुढे जे झालं ते त्यांनी मनात रंगवलं होतं त्यापेक्षा फार साधं होतं. जिना त्याने आपणहून चढला. मधल्या वळणावर तो थांबला तेव्हा भाचीने नुसतं त्याच्या हातातलं कागदांचं पाकीट आपल्याकडे घेतलं आणि तो पुन्हा चालू लागला. अधिकारीबाईंची सर्दी बरी झाली होती. त्यांनी बेकरीवाल्याला एका खोलीत बसवलं, मामांना दुसऱ्या. दोघांना वेगवेगळं विचारलं. बेकरीवाल्याला तो दिवस लख्ख आठवत होता. व्हॅन गेली त्याच संध्याकाळी एका लग्नाचा मोठा केक पोहोचवायचा होता आणि तो त्याने आणि भट्टीवाल्याने दोन बाजूंनी धरून चालत नेला होता. केक नेला त्या हॉलमध्ये फोन करून शिपायाने लग्नाची तारीख पडताळली. मामांची तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यातली निघाली. बोजा दोन्ही तारखांच्या बराच नंतरचा होता.

"मधल्या माणसाचं नाव काय?" बाईंनी दोघांना समोरासमोर बसवून विचारलं.

"पैलवान," बेकरीवाला म्हणाला.

"पैलवान," मामा म्हणाले.

"खरं नाव?"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मामांनी फोन लावला. तासाभराने पैलवान दारात उभा राहिला. बाईंनी एकदा त्याच्या अंगाकडे पाहिलं, एकदा फाइलमधल्या शब्दाकडे, आणि ओठ घट्ट मिटले.

"माझं नाव घेऊ नकोस म्हटलं होतं," पैलवान मामांच्या कानाशी फुसफुसला.

"घेतलं नाही. मला माहीतच नव्हतं."

पैलवानने सही केली. बाजारात याचं काय होईल, हे दोघांनाही माहीत होतं. पुन्हा कोणी फॉर्म मामांच्या हाती देताना दोनदा विचार करणार होतं. पैलवान सही करून तडक निघून गेला, चहाला थांबला नाही.

बाईंनी बेकरीवाल्याचे हप्ते बांधून दिले आणि व्हॅनवरचा बोजा उतरवायचं पत्र टाइप करायला दिलं. एक अडचण राहिली. व्हॅन सरळ भाचीच्या नावावर करता येणार नव्हती. ती खरी जशी फिरली तशी नोंदवायची, म्हणजे आधी पैलवान, मग मामा, मग भाची, प्रत्येकाची फी आणि मामांना उशिराचा दंड. भाचीने तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. पलीकडच्या सिस्टरने पत्राची प्रत मागितली आणि पंधरवड्याची मुदत दिली. तोवर दुसऱ्या गाडीची सोय करते म्हणाली, पण पंधरवड्यावर एक दिवस नाही.

"आता झाली की चौथ्या हाताची," भाची मामांना म्हणाली. त्या भांडणानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "विकायला काढली तर काय येईल रे हिचं?"

"काही नाही येणार."

"बरं झालं. मग विकायलाच नको."

खाली उतरल्यावर बेकरीवाला फुटपाथवर उभा राहिला. कुठल्या बाजूला जायचं हे न समजल्यासारखा.

"सोडते तुम्हाला," भाची म्हणाली. "पुढे बसा. मामा, तू मागे."

मागे बाक नव्हता. कड्यांना अडकवलेली एक रिकामी चाकाची खुर्ची होती. मामा त्यात बसले. भाचीने चाकं आवळली, मामांच्या पोटावरून पट्टा घेतला आणि त्यांना नको तेवढा घट्ट केला.

"मी काय पेशंट आहे?"

"नियम आहे. गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा."

ऊन होतं. व्हॅन तापली आणि व्हॅनिलाचा वास सुटला. बेकरीवाल्याने काच खाली केली नाही. वाटेत तो फक्त दोनदा बोलला. एकदा म्हणाला, "गिअर जरा अडकतोय का?" आणि सायकलवाल्याची गल्ली जवळ आली तेव्हा म्हणाला, "इथेच कोपऱ्यावर सोड. मी कधी समोरून जात नाही, मागच्या बोळातून जातो." भाचीने गाडी कडेला घेतली. त्याने दाराच्या मुठीला हात लावला, काढला.

"चल," तो म्हणाला. "दारापर्यंत चल."

ती दारापर्यंत गेली. सायकलवाल्याने मान वर करून पाहिलं. बेकरीवाला भर दुपारी, सगळ्यांसमोर, आपल्या जुन्या व्हॅनमधून उतरला आणि मागच्या डाव्या दाराशी जाऊन बिजागरी हलवून पाहू लागला.

"अगं, मला सोड," मामा आतून म्हणाले. त्यांचा पट्टा निघत नव्हता. "त्यांच्याशी दोन शब्द बोलायचेत."

भाचीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "बस जरा," ती म्हणाली. "त्यांना त्यांचं दार बघू दे. तुला सोडायची मला इतक्यात घाई नाही."